तळाची रेघ

कुरखेड्याजवळच्या त्या तलावाचं पाणी पाऊस संपल्यावर नेहमीपेक्षा लवकर उतरत होतं. गळती शोधायचं काम माझ्याकडे आलं. २००३ सालचा नोव्हेंबर. गळती सापडली नाही, तर तलाव रिकामा करून तळ तपासायचा विचार होता. तसं करायचं की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

डोंग्याच्या कडेला खोली मोजणारं यंत्र बांधलं होतं. त्याला जोडलेला तळहाताएवढा संगणक माझ्या मांडीवर होता. तळ जवळ आला की पडद्यावरची रेघ वर जाई, लांब गेला की खाली. बोलताना माणूस हलतो, डोंगाही हलतो. म्हणून कुणी बोललं की मी संगणकाच्या काडीने पडद्यावर रेघेखाली खूण करी. वही असती तर केव्हाच भिजली असती.

कुंता वल्हं मारत होती. तिचं घर याच तलावातल्या मासोळीवर चालतं.

"ह्याच्यात मासोया दिसते का, मॅडम?"

"नाही, फक्त खोली. पण सांगितलेलं सगळं लक्षात ठेवतो. बाजाराची यादीसुद्धा."

"मंग आमच्या बुढ्याले द्या. मीठ सांगतलं तं बिडी आनते."

"बिडी तं इसरत नाई ना," तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, तिचा नवरा बाबुलाल म्हणाला.

कुंता हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तलाव रिता नका करू. पिल्लं आत्ता बोटाएवढी हायेत. मेली तं उन्हाळ्यात आमी खाचं काय?"

मी रेघेखाली खूण केली.

मधोमध तिने दोन बांबू तळात खोल रोवले आणि डोंगा त्यांना सैल बांधला. वारा नव्हता. शिंगाड्याची पानं पाण्यावर स्थिर होती.

रेघ वर जाऊ लागली. मग खाली. पुन्हा वर, तितकीच, तितक्याच संथपणे. मी जोडणी तपासली. ठीक होती.

मान वर केली तर दोन्ही बांबू पाण्यातून वर येत होते. हातभर ओला, चिखलाळ भाग उघडा पडला, क्षणभर थांबला आणि हळूहळू बुडाला. डोंगा हलला नाही. एकही पान हललं नाही.

"दिसते ना तुमाले?" कुंता म्हणाली.

"हो."

"कोन हाय खाली?"

"माहीत नाही."

"झोपल्या का दोघी?" पाळीवरून बाबुलालने हाक दिली. मी सवयीने खूण केली.

लहानपणी गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवला होता, आणि आत काहीतरी सावकाश वळलं होतं. तेव्हा वाटलं होतं तसंच वाटत होतं. भीती नव्हती. तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी विश्रामगृहात मी रेघ पुन्हा पाहिली.

वर, खाली. वर, खाली. मध्येच सपाट.

सपाट जागेखाली खूण होती. पुढच्या सपाट जागेखालीही. आमच्यापैकी कुणी बोललं, बाबुलालने हाक दिली, की रेघ थांबली होती.

अहवालात मी लिहिलं: गळती आढळली नाही, तलाव रिकामा करू नये. त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

शेवटची सपाट जागा सगळ्यांत लांब आहे. तिच्याखाली खूण नाही. तेव्हा आम्ही तिघेही गप्प होतो. मी फक्त मनात अहवालाचं वाक्य जुळवत होते: तलाव रिकामा करावा.