सव्वानऊची अंघोळ

एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने मीटरची पेटी उघडता येत नाही. त्यासाठी तीन कोनांची एक छोटी किल्ली लागते, आणि माझी कधी हरवली ते मला सांगता येणार नाही. बावीस एप्रिल, मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. पाऊस समुद्राकडून आडवा येत होता आणि मी लोणी लावायच्या सुरीने पेटीचं दार उचकटत होते.

"भिंतच पाडायची असेल तर माझ्याकडे हातोडा आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. बस ड्रायव्हरचा निळा कोट, खांद्यापर्यंतचे केस मागे बांधलेले, केसांतून पाणी गळतंय. खालच्या घरात फेब्रुवारीत कुणी राहायला आलंय एवढंच मला माहीत होतं.

"हातोडा नको. किल्ली आहे का?"

"आहे. पण आधी सांगा, ही घरफोडी आहे की रीडिंग?"

"रीडिंग. माझा वर्षाचा ठरलेला दर एकतीस मेला संपतोय. पत्र आलंय."

"अरेरे." त्याने टोपी काढायची राहिली होती ती काढली. "कुणी गेलं असं सांगताय जणू."

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलरकोट्स गावात आमच्या गल्लीत प्रत्येक इमारतीला शेजारी शेजारी दोन दारं. डावं दार खालच्या घराचं. उजवं उघडलं की समोर जिना, आणि जिन्याच्या वर दुसरं घर – माझं. दोन दारांच्या मध्ये भिंतीत दोन पांढऱ्या पेट्या. त्याने किल्ली फिरवली, मी उजव्या पेटीतला आकडा टिपून घेतला. तेवढा वेळ माझी छत्री त्याच्या हातात होती. ती त्याने पूर्ण माझ्यावर धरली होती, आणि स्वतः भिजत होता.

"ऑसविन," तो म्हणाला. "ऑझी म्हणतात. आणि तुम्ही वरच्या."

"हेदर."

"किल्ली लागली तर दार वाजवा, राणी."

त्या 'राणी'चं मी दोन दिवस बरंच काही केलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या बसमध्ये चढले तेव्हा माझ्या पुढच्या ऐंशीच्या आजींनाही तो राणीच म्हणाला. त्यांच्या मागच्या कुत्रीलासुद्धा.

*

पत्रात तीन वाटा होत्या. एक वर्षासाठी दर बांधून घ्या, दोन वर्षांसाठी बांधून घ्या, नाहीतर काहीच करू नका – मग बदलता दर आपोआप लागू होतो आणि दर तीन महिन्यांनी वरखाली होतो. बांधून घेतलं आणि मध्येच सोडलं तर पन्नास पौंडांचा दंड. बदलत्या दरात दंड नाही, कधीही निघता येतं.

ठरवायला आपण वीज किती वापरतो ते कळायला हवं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा. तरी वर्षभर मीटरसोबत मिळालेला, वीज किती जळतेय ते दाखवणारा छोटा पडदा माझ्या खणात रबरबँडांच्या खाली पडून होता. तो मी काढला, ओट्यावर ठेवला आणि चहासाठी केटल लावली.

पडदा हलला नाही. केटल खळखळली, बंद झाली. पडद्यावर हिरवा दिवा, आकडा जवळजवळ शून्य.

मी चहा घेऊन बसले. सहा पन्नासला खालचं दार आपटलं. एक मिनिटाने पडदा लाल झाला. आणखी दोन मिनिटांनी खालून टोस्टचा वास आला.

मीटर बसवणाऱ्याने उजवी पेटी उजव्या दाराची समजून खातं जोडलं होतं. तारा मात्र उलट गेल्या होत्या. वर्षभर मी खालच्या घराची वीज भरत होते. खाली आधी राहणाऱ्या मिसेस टॉड दिवा लावायच्या आधीही विचार करायच्या, म्हणून मला मी फार काटकसरी वाटत होते.

हे त्याला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं.

उद्या सकाळी कंपनीच्या ॲपवर मिनिटामिनिटाचा आलेख पाहिला. चार चाळीसला केटल. चार पन्नासला अंघोळ. विजेवरचा शॉवर आलेखात चर्चच्या मनोऱ्यासारखा उठून दिसतो. मग सगळं शांत. तो पाचला निघतो, हे मला त्याने न सांगता कळलं. संध्याकाळी सहा पन्नासला पडदा लाल व्हायचा आणि मला बरं वाटायचं... आला घरी.

मी परवा सांगायचं ठरवलं.

*

सात मे. बुधवार. दुकानात दुपारी डबा खाताना ॲप उघडलं. सकाळी सव्वानऊला अंघोळ. साडेनऊला दहा मिनिटं काहीतरी – केटल नाही, केटल इतका वेळ चालत नाही. शॉवरपेक्षा बरंच कमी, दिव्यांपेक्षा बरंच जास्त.

माझ्याकडेही आहे तसलं यंत्र. केस वाळवायचं.

गुरुवारी सव्वानऊ. शुक्रवारी सव्वानऊ. पाचला बस घेऊन निघालेला माणूस सव्वानऊला अंघोळ करत नाही. म्हणजे त्याच्या घरात कुणीतरी होती. उशिरा उठणारी. लांब केसांची.

शनिवारी मागच्या अंगणात त्याच्या दोरीवर पोहायची एक टोपी वाळत होती. पिवळी, तिच्यावर रबराची फुलं. मी ती पंधरा मिनिटं पाहिली. मला तिच्यावरचं फूलन्फूल आठवतं.

त्याच दुपारी त्याची बस मिळाली. गाडी जवळजवळ रिकामी होती.

"मग? ठरलं का तुमचं?" त्याने आरशातून विचारलं.

"विचार चाललाय. तुमचं काय?"

"आपण दोन वर्षांचा दर घेणार."

"दोन वर्षं! एवढी खात्री?"

"घर आवडलंय." सिग्नलला गाडी थांबली. "वरची मंडळी पण वाईट नाहीत. पावलं हलकी आहेत. शनिवारी मात्र नाचतात."

"मी नाचत नाही. व्हॅक्यूम करते."

"मग तालात करता."

हसू आलं, आणि लगेच ती टोपी आठवली. "दोन वर्षं एकट्याला कंटाळा नाही येणार?"

"बघू," तो म्हणाला. "एकट्याला कशाला?"

मी एक स्टॉप आधीच उतरले.

त्या रात्रीपासून मी आलेख पाहणं बंद करायचं ठरवलं, आणि रविवारी चार वेळा पाहिला. सव्वानऊ रविवारीही होतं. मी तिला एक नावही दिलं होतं – इमोजेन. उंच. ओल्या केसांनी स्वयंपाकघरात फिरणारी. माझ्या बिलावर पाणी तापवणारी.

शुक्रवारी दुकान सुटलं की मी आजोबांकडे जाते. बोलता बोलता त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्टॉटी पावाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "वीज बदल नाहीतर पोरगा बदल. पण दर आठवड्याला असं तोंड पाडून येऊ नकोस. पाव गळ्याखाली उतरत नाही माझ्या."

मी ठरवलं. बदलता दर. दंड नाही, बांधिलकी नाही. जूनमध्ये दुसरीकडे खोली बघायची. सव्वानऊ वाजता कोण न्हातंय हे जिथून दिसणार नाही अशी.

*

एकोणतीस मे, गुरुवार. दोन दिवस उरले होते. गुरुवारी मी आजोबांसाठी स्टॉटी भाजते. पाव ओव्हनमध्ये ठेवला आणि सात वाजता खाली जाऊन डावं दार वाजवलं. भाषण तयार होतं. मीटर उलटे आहेत, कंपनीला कळवूया, मी चाललेय, नमस्कार.

ऑझीने दार उघडलं. केस मोकळे होते. हातात कपडा, स्वयंपाकघरात भांडी.

"तुमचे आणि माझे मीटर उलटे जोडलेत," मी म्हणाले. इथवर बरोबर होतं. पुढचं भाषण कुठे गेलं कोण जाणे. "आणि माझी हरकत नाही, कुणी कुणाला घरी ठेवायचं तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण तिचं पाणी माझ्या बिलावर का तापावं?"

"तिचं? कुणाचं?"

"सव्वानऊला जी न्हाते तिचं! आणि मग दहा मिनिटं केस वाळवते!"

त्याने कपडा खाली ठेवला.

"हेदर," तो हळूच म्हणाला, "तुला सव्वानऊ कसं माहीत?"

पहिल्यांदाच 'तू'. आणि नेमकं त्याच क्षणी मला जमिनीत गडप व्हायचं होतं.

"ॲपवर... एकदा... सहज दिसलं."

"किती दिवस सहज दिसतंय?"

"पाच आठवडे."

तो वळला, आत गेला. दार उघडंच होतं. परत आला तेव्हा त्याच्या हातात माझ्यासारखाच एक छोटा पडदा होता. लाल दिवा लागलेला.

"हा तुझा ओव्हन," तो म्हणाला. "मला फेब्रुवारीपासून दिसतोय. दर गुरुवारी, सहा ते आठ. एकट्या बाईला दोन तास ओव्हन कशाला लागतो? कोण येतं जेवायला?"

"तू... तुला फेब्रुवारीपासून माहीत होतं?"

"कोण येतं, ते सांग आधी."

"कुणी येत नाही! मी पाव भाजते. आजोबांसाठी. शुक्रवारी नेऊन देते."

"पाव." त्याने डोळे मिटले. "तीन महिने मी त्या माणसाला शिव्या घालतोय. त्याला उंची दिली, मिशी दिली. मला वाटलं, दंतवैद्य असेल."

"आणि सव्वानऊ?" मी सोडणार नव्हते. "दंतवैद्य राहू दे. सव्वानऊ कोण आहे?"

"मी."

"तू पाचला जातोस."

"आणि साडेआठला सुटतो. माझी दोन तुकड्यांची ड्यूटी आहे, राणी. साडेपाच ते साडेआठ, मग अडीच ते साडेसहा. मधला वेळ आधी डेपोतच काढायचो, मे लागल्यापासून खाडीवर पोहायला जातो. सुट्टीच्या दिवशी पण. पाणी असं असतं की दात वाजतात, त्याशिवाय ड्यूटीची झोप उडत नाही. घरी येऊन गरम अंघोळ, आणि हे..." त्याने केस दाखवले. "ओल्या केसांवर ड्यूटीची टोपी घातली तर साहेब ओरडतो."

"पिवळी टोपी?"

"चॅरिटीच्या दुकानात तीच एक उरली होती. सगळे हसतात. तू पण हस."

मला हसता येत नव्हतं. इमोजेन उंच होती, देखणी होती, आणि तिच्यासाठी मी घर सोडायला निघाले होते.

"सांगितलं का नाहीस? फेब्रुवारीत?"

"साडेसातला तुझी केटल लागते," तो म्हणाला. "मी तेव्हा पहिल्या फेरीवरून फिरत असतो. गाडी लावली की फोनवर बघायचो... उठली. सांगितलं असतं तर ते गेलं असतं." मग पडद्याकडे पाहून, "अजून लाल आहे. किती वेळ झाला पावाला?"

आम्ही जिना एकदमच चढलो. एका बाजूने पाव काळा झाला होता. आजोबांसाठी मी दुसरा केला. काळा आम्ही दोघांनी लोण्याबरोबर उभ्यानेच खाल्ला.

*

शुक्रवारी दुपारी, त्याच्या मधल्या वेळेत आणि माझ्या जेवणाच्या सुट्टीत, आम्ही कंपनीला फोन लावला. फोन ओट्यावर, आवाज मोठा. पलीकडच्या बाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं.

"खाती सरळ व्हायला सहा आठवडे लागतील," त्या म्हणाल्या. "तोवर दोघांनी एकच दर घेतलात तर गोंधळ होणार नाही. एक वर्ष लावू की दोन?"

ऑझीने माझ्याकडे पाहिलं नाही. तो खिडकीबाहेर त्याच्या पिवळ्या टोपीकडे पाहत होता. कान मात्र लाल झाले होते.

"मध्येच सोडलं तर दंड आहे हं," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हणाले. "दोन लावा."

पेट्यांवरची नावं अकरा जुलैला बदलली. त्या दिवसापासून माझ्या पडद्यावर फक्त माझ्या घराची वीज दिसते. खालच्या घरात कोण कधी न्हातं, ते मला आता कळत नाही. पहिल्या रात्री मला जरा चुकल्यासारखं झालं, हे कबूल करते.

बारा जुलैला दुपारी सवयीने आलेख उघडला. पहाटे चार चाळीसला केटल. सव्वानऊला मनोरा. साडेनऊला दहा मिनिटं.

सगळं माझ्याच मीटरवर. केस वाळवायचं यंत्रही माझंच होतं, आणि त्यात त्याचे लांब केस अडकले होते. ते त्यानेच काढायचे, हे मी त्याला संध्याकाळी स्पष्ट सांगितलं.