मागल्या खेपेचे दगड

देवपुरात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाकडून एक धडा घोकून घेतो: हायवेवर गाडी बंद पडली तर काय करायचं. गाडी डावीकडे अगदी कडेला घ्या. चारही दिवे लुकलुकते ठेवा. माणसं बाहेर काढून लोखंडी कठड्यापलीकडे उभी करा. लाल त्रिकोण पन्नास पावलं मागे ठेवा. आणि काही झालं तरी दगड लावू नका, हे मी जरा जास्तच जोरात सांगतो. आपल्याकडे ट्रक बंद पडला की मागे दगडांची रांग मांडतात, हिरवी फांदी खोचतात, आणि ट्रक सुरू झाला की सगळं रस्त्यातच टाकून निघून जातात.

यावरून माझी बायको मोहिनी मला चिडवते. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणते आणि हसते.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती चार दिवस आधीच माहेरी गेली होती, एरंडोलजवळच्या खेड्यात. सणाच्या दिवशी सकाळी मी आणि सात वर्षांची भाविका निघालो. सासूबाई यशोदाअक्का गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, त्याआधी पोचायचं होतं. पारोळा मागे पडलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. अकरा वाजले होते, ऊन नुसतं भाजून काढत होतं.

गाडी कडेला घेतली. भाविकाला कठड्यापलीकडे छत्री देऊन बसवलं, त्रिकोण ठेवला. सगळं धड्याप्रमाणे झालं. मग मान वर करून पाहिलं आणि जागा ओळखीची वाटली. रस्त्याखालची मोरी तीच होती, पलीकडची पडकी विहीरही तीच. मागल्या वेळी इथे दोन्ही बाजूंना निंबाची झाडं होती. रस्ता रुंद करताना सगळी तोडली. आता नजर जाईल तिथपर्यंत कपाशीची रिकामी वावरं होती.

सहा वर्षांपूर्वी, आखाजीलाच, आमची गाडी इथे बंद पडली होती. त्रिकोण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत राहिला होता. मोहिनीच्या मांडीवर भाविका तापाने फणफणली होती. मी सात दगड मांडले, निंबाची फांदी खोचली, आणि गाडी सुरू होताच सुसाट निघालो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या. रस्त्यातल्या दगडांवर मोटरसायकल आदळून चुडामण नावाचे म्हातारे गृहस्थ गेले. शेजारी फोटोत सात दगड, फांदी, आणि एक चप्पल. मी पेपर घडी घालून रद्दीत टाकला. मोहिनीला कधी बोललो नाही.

रेडिएटरचा पाइप सैल झाला होता. तो आवळत असताना मागून आवाज आला.

"पोरगी तुनी शे का, भाऊ?"

"माझीच," म्हणत मी वळलो. पांढरा पायजमा घातलेले, डोक्याला रुमाल गुंडाळलेले एक आबा उभे होते. जवळ गाव नव्हतं, सायकल नव्हती. अंगाला घामाचा टिपूस नव्हता. मी बाटली पुढे केली.

"पाणी घ्या आबा."

"आज घर पानी भेटी," ते म्हणाले. घरी मिळणार म्हणून बाटली घेतली नाही.

मग वाकून त्यांनी गाडीमागे दगड मांडायला सुरुवात केली. सावकाश, हातभर अंतराने.

"आबा, दगड नको. त्रिकोण आहे ना मागे."

"ऱ्हाऊ दे."

शेवटच्या दगडाशी त्यांनी फांदी खोचली. निंबाची होती. पानं ताजी होती, तुटलेल्या टोकाला चीक ओला होता. मी आजूबाजूला पाहिलं. झाड कुठेच नव्हतं.

"निघशी तवय उचली टाकजो," ते म्हणाले. "मागला खेपले राही गयात."

निघताना उचल, मागल्या खेपेला राहून गेले. ऐकून माझ्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला वाकलो तेव्हा त्यांचे पाय दिसले. एका पायात चप्पल होती. दुसरा अनवाणी, तापलेल्या डांबरावर.

त्याच वेळी भाविका कठड्याखालून सरपटत बाहेर आली.

"पप्पा, माझी बाटली गाडीत राहिली!"

मागून ट्रक येत होता. सरळ नव्हे, हळूहळू कडेला सरकत. ड्रायव्हरची मान छातीवर पडलेली होती.

मी ओरडलो. तिच्याकडे धावलो.

त्रिकोण चाकाखाली गेला. कडकन आवाज झाला.

ट्रक आला तसाच येत राहिला.

मग पुढचं चाक पहिल्या दगडावर चढलं. दणका बसला. ड्रायव्हरची मान वर झाली. ट्रक उजवीकडे वळला आणि भाविकाच्या वेण्या उडवत निघून गेला.

मी तिला छातीशी धरलं. किती वेळ, माहीत नाही.

आबा नव्हते. दगड मात्र जागच्या जागी होते, एका रेषेत. एकही हलला नव्हता.

मी रेडिएटरमध्ये पाणी भरलं, गाडी सुरू केली. मग उतरून फांदी उचलली, दगड एकेक करून कठड्यापलीकडे फेकले. सहा भरले. मांडताना मी सात पाहिले होते. सातवा त्या भागात कुठेच मिळाला नाही.

पोचलो तेव्हा यशोदाअक्का घागरीवर खरबूज आणि सांजोरी ठेवून वाट बघत होत्या.

"अक्का, अजून एक घागर भरा," मी म्हणालो.

"कोनी?"

"चुडामण आबांची."

मोहिनी माझ्याकडे बघत राहिली. "कोण चुडामण आबा?"

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो आणि सगळं सांगितलं. अक्कांनी कोपऱ्यातली दुसरी घागर पुसली, पाणी ओतलं, नाव घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

भाविका शेजारी बसून सांजोरी खात होती. तिने आपली पिशवी उघडली आणि आतून दगड काढून माझ्यापुढे ठेवला.

"हा त्या आबांनी दिला, तुम्ही रेडिएटरमध्ये पाणी भरत होता तेव्हा. जपून ठेव म्हणाले."

"कशाला?"

"मी मोठी झाले की मला लागेल म्हणाले." तिने बोटाला लागलेला रवा चाटला. "माझी गाडीपण तिथेच बंद पडणार आहे."