वाऱ्याला दमवणारी भिंत

मागच्या फाटकातून एक अनोळखी माणूस आत आला आणि सरळ तिच्या पडद्यावर उभा राहिला.

पडदा बारा फुटी होता, फिकट निळा, एका दवाखान्यासाठी शिवायला घेतलेला. ती अंगणात गुडघ्यांवर बसून त्याची कड आखत होती. मान वर न करताच तिला दोन बूट दिसले, सिमेंटने पांढरे झालेले.

"पाय उचला," ती म्हणाली.

त्याने एक पाय उचलला. दुसरा कुठे टेकावा ते कळेना, म्हणून तो तसाच डुगडुगत राहिला. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. शेवटी एक लांब उडी मारून तो फरशीवर गेला, खिशातून टेप काढला आणि दुसरं टोक जरा धरता का म्हणून विचारू लागला. मापाचा विषय निघाला की तिचे हात आपोआप पुढे होत. तिने टोक भिंतीला लावलं. तो पलीकडे जाऊन म्हणाला, बावीस फूट. ती इथूनच म्हणाली, बावीस फूट दीड इंच. त्याने वाकून पुन्हा बघितलं... दीड इंच होता. मग मात्र त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि ती उगीचच खडू शोधू लागली.

"माप कशासाठी?" तिने विचारलं.

"शेड टाकायचीय ना इथे. टायर ठेवायला. तुमच्या भावाने बोलावलंय."

तिने टोक सोडून दिलं. टेप सळसळत गेला आणि त्याच्या बोटांवर आपटला. गवंड्याची आणि पडदेवालीची ओळख झाली ती अशी.

दादाचं टायरचं दुकान होतं, आणि दुकानात मावत नव्हते एवढे टायर होते. त्याचं म्हणणं असं, की थंडीचे चार महिने अंगण ओस पडतं. तीन वाजता ऊन शेजारच्या घरामागे जातं, उत्तरेचा वारा सुटतो, आणि ही आपलं मशीन उचलून आतल्या बोळात येते. मग येता-जाता सगळे तिच्या पडद्यांत अडकून पडतात. यात खोटं काही नव्हतं. पण अंगण गेलं की बारा फुटी पडदा पसरायला घरात दुसरी जागाच नव्हती, म्हणजे धंदा गेला. आणि संध्याकाळी कामावरून परतताना तिथे टेकणाऱ्या नर्सबाई, बसवरची कंडक्टरीण, त्यांचं खिदळणं, तेही गेलं. स्वतःची म्हणावी अशी तिला जगात तेवढीच जागा होती.

जेवताना वादाला तोंड फुटलं. वडील निवृत्त पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं घरोघर पोचवलं, स्वतःचं फारसं कधी काढलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी निकाल दिला. थंडी संपेपर्यंत ती बाहेर बसली तर अंगण तिचं. ज्या दिवशी मशीन आत आलं, त्या दिवशी शेड. दादा मिशीतल्या मिशीत हसला. वहिनीने फाशीच्या कैद्याला वाढावं तसं तिच्या ताटात आणखी वाढलं.

"घोडामैदान जवळच आहे," ती म्हणाली, आणि सगळं खाल्लं.

दुसऱ्याच दिवशी तिने वाऱ्याला अडवायला पडदा शिवायला घेतला. पडदेवालीला दुसरं काय सुचणार! जाड ताडपत्री, आतून अस्तर, कडेला दुहेरी शिवण, मुंगी शिरेल एवढीही फट नाही. उत्तरेच्या बाजूला चार खांब रोवून तिने तो ताणून बांधला आणि ऐटीत मशीनवर बसली. चार वाजता वारा आला. त्याने एकदा पडदा फुगवला, दोनदा फुगवला, आणि तिसऱ्यांदा चारही खांबांसकट उचलून वहिनीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नेऊन टाकला. नेमका त्याच वेळी शेडचं काम कधी सुरू करायचं ते विचारायला गवंडी फाटकात उभा होता.

तो हसला. तोंडावर हात ठेवून हसला, पण हसला.

"हसा, हसा," ती म्हणाली. "तुमचं काम सोपं झालं."

"शिवण एक नंबर आहे," तो पडदा उचलू लागत म्हणाला. "हीच तर चूक झाली. वाऱ्याला अडवायचं नसतं... अडवला की तो चिडतो, वरून उडी मारून आत येतो. त्याला दमवायचं असतं. थोडा थोडा आत येऊ द्यायचा."

"हे वाऱ्याबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?"

"तुम्हाला दमवायची माझी टाप नाही."

तिने त्याच्या हातातून ताडपत्री हिसकावून घेतली, पण कान मात्र लाल झाले. थंडीमुळे, असं तिने स्वतःला बजावलं.

दोन दिवसांनी तो जुन्या विटांची हातगाडी घेऊन आला. उत्तरेला त्याने भिंत चढवायला घेतली, पण दर दोन विटांमध्ये बोटभर जागा सोडून, जाळीसारखी. आणि घराच्या ज्या भिंतीला दुपारपर्यंत ऊन लागे, तिला टेकून एक लांब बाक. बाकाच्या एका टोकाला छोटी चूल, दुसऱ्या टोकाला धुराडं; चुलीतला धूर बाकाच्या पोटातून वळणं घेत जाणार, आणि बसणाऱ्याला खालून ऊब मिळणार. हे सगळं तो दुसरीकडची कामं आटोपून, चार ते सहा करत असे. ती विटा भिजवून देई. शेड टाकली असती तर दादाच्या दुकानाचंही काम मिळालं असतं, मग हा उपद्व्याप कशाला, असं तिने एकदा विचारलं. पत्रे काय कुणीही ठोकतं, तो म्हणाला. त्यापलीकडे ताकास तूर लागू दिली नाही.

मोबदला म्हणून तिने त्याच्या खोलीला पडदे शिवून द्यायचं कबूल केलं.

"खोलीला खिडकीच नाही," तो म्हणाला.

"मग पडद्यांना हो कशाला म्हणालात?"

"खिडकी पाडीन. गवंडी आहे मी."

ती खळखळून हसली. वीट देताना-घेताना बोटाला बोट लागलं आणि कुणीच घाईने हात मागे घेतला नाही... त्या संध्याकाळी तिला एकदाही थंडी वाजली नाही.

दुकानातून अंधार पडल्यावरच घरी येणाऱ्या दादाला हे कळायला आठवडा लागला. कळलं तेव्हा तो तडक अंगणात आला आणि गवंड्याला म्हणाला, शेड बांधायला बोलावलं होतं, संसार थाटायला नाही. उद्यापासून या फाटकात पाऊल टाकायचं नाही. गवंड्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि थापी पिशवीत टाकून निघून गेला. तिला दादाचा राग आलाच, पण त्या गुमान जाण्याचा जास्त आला.

नेमका तोच आठवडा हाडं गोठवणारा निघाला. भिंत गुडघ्याएवढी, बाक उघडा, चूल अर्धी. ती वडिलांचा जुना खाकी कोट घालून मशीनवर बसे. सुईत दोरा ओवायला दहा-दहा मिनिटं लागत. वहिनी दारातून हळूच म्हणाली, आत ये, कुणी हसणार नाही. कंडक्टरणीने मशीनचं दुसरं टोक उचलायची तयारी दाखवली. तिने दोघींना चहा करायला पाठवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्याचं नव्हतं. तो येत नव्हता. येऊ नको म्हटलं म्हणून येत नव्हता. असला कसला आज्ञाधारक माणूस!

चौथ्या दिवशी तिने कोटाच्या बाह्या वर केल्या, मातीचा गारा कालवला आणि उरलेली भिंत स्वतः चढवायला घेतली. त्याला दहादा बघितलं होतं. वीट, बोटभर जागा, वीट. सहावी ओळ सापासारखी गेली. सातवी त्याहून.

"ही ओळ वाकडी आहे," मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं नाही. "असू दे."

"पाडून नीट करू?"

"हात लावून बघा. चार दिवस कुठे होतात?"

तो जवळ आला. दादाशी भांडलो असतो तर दादाने त्याच दिवशी शेड टाकली असती अशी भीती वाटली, तो म्हणाला. मग तीन दिवस घरी बसून स्वतःलाच शिव्या दिल्या. "मला वाटलं, मी गेलो की तुमचं अंगण वाचेल."

"माझं अंगण मी वाचवीन," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या बाजूला उभे राहा, एवढंच काम आहे."

त्याने पिशवीतून थापी काढली. वाकडी ओळ त्याने तशीच ठेवली आणि तिच्यावर आठवी सरळ चढवली. दुसऱ्या दिवसापासून तो उघड उघड पुढच्या दाराने येऊ लागला. दादाने तोंड उघडलं की ती आधी बोले.

आठ दिवस सगळं वाळू दिलं आणि एका संध्याकाळी चूल पेटवली. धूर आधी भलतीकडूनच आला, सगळे खोकले, मग त्याने वाट धरली आणि धुराड्यातून सरळ वर गेला. वारा आला, पण जाळीतून गाळून, थकून भागून आला. बाक हळूहळू कोमट झाला. नर्सबाईंनी बूट काढून पाय वर घेतले. वडील आले, हाताने बाक चाचपला, बसले, आणि बराच वेळ उठायचं नाव काढलं नाही. वहिनी त्यांच्या शेजारी टेकली. दादा एकटा दारात उभा.

"ठीक आहे," तो म्हणाला. "हा हिवाळा जिंकलीस. उद्या लग्न होऊन सासरी जाशील, मग कोण बसणार इथे? तेव्हा शेडच होणार आहे. चार महिने उशिरा, इतकंच."

त्यातही खोटं काही नव्हतं, आजवर साऱ्याच मुली जात आल्या होत्या. आणि मग तिच्या लक्षात आलं, की याचं उत्तर तिला कधीचं माहीत आहे.

"मी कुठे जाणार नाही," ती म्हणाली. "ज्याला माझ्याशी लग्न करायचं असेल, त्याने इथे यायचं."

"असा कोण येतोय?" दादा म्हणाला.

चुलीपाशी बसलेला गवंडी उठला. हात मातीने भरलेले, कपाळाला काजळी. तो वडिलांकडे वळला, घसा साफ केला. "बाबा, मी... म्हणजे तुमची हरकत नसेल तर..."

"त्यांना काय विचारतोस?" ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती, आणि तेही सगळ्यांदेखत. "मला विचार."

तो तिच्याकडे वळला. वडील जमिनीकडे बघत होते, पण कान इकडेच होते.

"येऊ?" त्याने विचारलं.

"ये."

वडिलांनी वहिनीला जरा पलीकडे सरकायला सांगितलं. बाकावर दोघांपुरती जागा झाली. तिने त्याचा मातीचा हात धरला आणि दादा बघत असतानाही सोडला नाही. बाहेर गारठा वाढत होता. आत चला, असं थोड्या वेळाने दादाच म्हणाला, आणि एकटाच आत गेला. ती बाहेर बसून राहिली.