खिशातला चाकू, बागेतली हाक

जळगावच्या बसस्टँडसमोरच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात मी खरं तर पावसाची सर चुकवायला शिरले होते. श्रावण होता, साल एक्क्याण्णव. काउंटरच्या काचेखाली लाल मुठीचे, खिशात मावणारे चाकू मांडलेले दिसले आणि वाटलं, अरे... हेच तर हवंय मला.

"तो मोठा दाखवा ना. बारा पात्यांचा."

काउंटरमागच्या तरुणानं त्याला हातही लावला नाही. "दिवसभर हातांनी काय काय करता, ते आधी सांगा."

"ते कशाला?"

"चाकू त्यावर ठरतो."

माझी नोकरी नवी होती. रावेरकडच्या केळीच्या बागांमधून करपा रोगाचे नमुने गोळा करायचे. "केळीचं रोगट पान कापते, चिमट्यानं तुकडा उचलते, भिंगातून बघते, पाकिटात भरते. वस्तू सगळ्या पिशवीत, आणि वेळेला एकही सापडत नाही."

तो हसला. "मग हा बारा पात्यांचा नकोच. केळीचा चीक सांध्यांत बसला की आठ दिवसांत जाम होईल. आणि एवढा जड, की चौथ्या दिवशी तुम्हीच घरी ठेवून याल." त्यानं एक बारीकसा चाकू माझ्या तळव्यावर ठेवला. पातं, कात्री, चिमटा, भिंग. बस. "उघडा. नखानं नको... बोटाच्या पेरानं. हात ओले असले की नख निसटतं."

मला जमेना. त्यानं माझं बोट धरलं नाही, नुसता आपला हात शेजारी आणून दाखवलं, "असं..." आणि पातं टक्‌कन उघडलं. मी भिंगातून काचेवरचा थेंब बघितला. मग, चुकून, त्याचा डोळा. तपकिरी होता.

"रोज सोबत राहील तुमच्या," तो म्हणाला.

"चाकू ना?"

"चाकूच..." त्याचे कान लाल झाले.

मी चाकूचे पैसे दिले, तेवढ्यात बस लागली. नाव विचारायचं राहूनच गेलं... त्याचंही, माझंही.

केळीच्या बागेत भर दुपारीसुद्धा हिरवा अंधार असतो. वारा नसताना मधूनच एखादंच पान हलतं, बाकीची गप्प. दुसऱ्या दिवशी तिथं मी पान कापत होते आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "बिजली..."

माझं नाव. अगदी हळू, जवळून. वळले, तर कुणी नाही. पण आवाज ओळखीचा होता. त्या दुकानातल्या मुलाचा! अंगावर सर्रकन काटा आला.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच. घड्याळात साडेबारा. बागेत काम करणाऱ्या मंजुळाबाईला सांगितलं, तर तिचा विळा हातातच थांबला.

"ओ दिली का तू?"

"नाही."

"देऊ नको माय. कोण बोलावतं, काय माहीत."

पण खोटं का बोलू? तिसऱ्या दिवशी मी साडेबाराची वाटच बघत होते.

बागेच्या जुन्या भागात होते त्या वेळी. समोर एक करपलेलं पान दिसलं म्हणून निघाले, आणि...

"बिजली!"

या वेळी हळू नाही. जिवाच्या आकांतानं. मी इतकी दचकून थांबले की चाकू हातातून उडाला, समोरच्या वाळक्या पानांवर पडला आणि दिसेनासा झाला. जरा वेळानं खोल खालून पाण्याचा आवाज आला.

विहीर होती. बिनकठड्याची, पानांनी झाकलेली. पुढचं पाऊल मी तिथंच टाकणार होते. चार ओळी पलीकडे मंजुळाबाई होती. तिनं काहीही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जळगावला गेले.

"तसाच चाकू द्या. पहिला विहिरीत पडला."

त्याचा चेहरा उतरलेला होता. "कधी?"

"काल. दुपारी साडेबाराला."

चाकू काढता काढता त्याचा हात काचेवरच राहिला. "तुमचं नाव... बिजली आहे का?"

मी काउंटरची कड घट्ट धरली. "कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तुम्ही गेल्यापासून रोज दुपारी माझ्या तोंडून हे नाव येतं. या नावाचं मी कुणालाच ओळखत नाही. काल तर ओरडलोच... भरल्या दुकानात."

"अन् मी सांगी र्‍हायनू," मागून त्याचे वडील, गिरधरनाना, वीज गेली म्हणून पोरगा ओरडतो असं समजून, छताकडे बोट दाखवत वैतागून म्हणाले, "बिजली शे ना भो! पंखा फिरी र्‍हायना!"

मी हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. मग विहिरीचं सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"माझी भीती वाटते?"

"वाटते," मी म्हणाले. "पण काल दुपारी मी तुमची वाट बघत होते... तेही खरं."

त्याचं नाव अभिमन. दर शनिवारी मी जळगावला जाऊ लागले, तशी बागेतली हाक बंद झाली. लग्नाचं कानावर घातलं तेव्हा नाना आधी आठ दिवस कुरकुरले, मग म्हणाले, पोरीच्या बापाला तर विचार.

दिवाळीनंतर अभिमन सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावी आला. आमच्या पावरा आदिवासींत बाहेरचा जावई सहज कुणी करून घेत नाही, आणि त्याला आमची भाषा येत नव्हती.

"काय बोलू?" त्यानं वाटेत विचारलं.

"काही नको. नुसतं बसा."

तो अख्खी दुपार अंगणात खाली बसून राहिला, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून. माझे वडील डोंगरसिंग खाटेवरून त्याला निरखत होते. शेवटी मला जवळ बोलावून आमच्या भाषेत हळूच म्हणाले, "पोरगा भला दिसतो. पण... मुका आहे का?"

"नाही बाबा. बोलतो. लांबूनही ऐकू येतं."

ते हसले नाहीत. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग खाटेवर जरा सरकले आणि आपल्या शेजारी हात थोपटून त्याला बसायला जागा केली.