भायेर निंगा

भोंगा वाजला तेव्हा उरणच्या त्या गोदामात दीडशे माणसं जेवत होती. उठली एकटी जागृती. गेटपासच्या खिडकीवर बसणारी ही मुलगी डबा छातीशी धरून पळत बाहेर आली आणि थेट एका अनोळखी तरुणावर आदळली... सगळं कालवण त्याच्या शर्टावर!

"आग नाहीये," तो शर्टाकडे बघत म्हणाला. "मी चाचणी घेतोय. पण तुम्ही एकट्याच वाचलात हं!"

तो प्रणय, रेवदंड्याचा. आगीची सूचना देणारं नवं पॅनल बसवायला आला होता. एका डिटेक्टरला धूर लागला तर पॅनलवर नुसता बारीक बझर. दोन डिटेक्टरना लागला तर पंखे बंद, शटर वर आणि भोंगा सुरू — असं सगळं तो त्या पेटीला शिकवत होता. पेटी शिकली. माणसं मात्र ढिम्म! दिवसभर कंटेनरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकणाऱ्यांना आणखी एका भोंग्याचं काय कौतुक?

"मग भोंग्याऐवजी बोलूया," प्रणय जागृतीला म्हणाला. "तुमचा आवाज द्याल?"

तिने दिला. पण समोर तो, हातात माईक, त्याच्या ओठांवर ते हसू... लाजून ती एकदम पुस्तकातलंच बोलली. "कृपया शांतपणे बाहेर पडावे." सरावाच्या वेळी लोकांनी ते कौतुकाने ऐकलं आणि भात कालवत बसले.

"गोदाम रिकामं होत नाही तोवर मी सही करणार नाही," मॅनेजर दिनानाथ म्हणाले.

जागृतीला मनातून आनंदच झाला. सही झाली की प्रणय गुजरातला, नव्या कामावर जाणार होता. अडलंय तर अडू दे की! पण त्या भात कालवणाऱ्यांत तिची मावशी भागुबाईही होती. खरीच आग लागली तर? तिची तिलाच लाज वाटली.

"पुन्हा घ्या माझा आवाज," ती प्रणयला म्हणाली. "आणि तुम्ही तिकडे तोंड करा."

तो पाठमोरा झाला. तिने डोळे मिटले.

"उठा गो, उठा रं! आग लागली हाय! ताटा ठेवा नि भायेर निंगा!"

दुसऱ्या दिवशी प्रणयने दोन डिटेक्टरना धूर दिला. पंखे थांबले, शटर वर गेलं, जागृतीचा आवाज घुमला — आणि बघता बघता गोदाम रिकामं! भागुबाई तर खरकट्या हाताने सगळ्यांच्या पुढे. दिनानाथ पेन शोधू लागले.

जागृती पॅनलपाशी गेली. प्रणय अवजारं बॅगेत भरत होता.

"झालं तुमचं काम."

"तुम्ही केलंत." त्याने वर पाहिलं नाही. "खरं सांगू? तुमचं पहिलं बोलणं ऐकलं तेव्हाच कळलं होतं, कोणी उठणार नाही. तरी गप्प बसलो. म्हटलं, तेवढेच चार दिवस जास्त..."

"लबाड!"

"आहेच. आता जायचं म्हणजे..." तो अडखळला.

जागृतीचे डोळे भरून आले. शब्द सजवत बसलं की समोरचा जागचा हलत नाही, हे तिने चांगलंच पाहिलं होतं.

"मना तू पायजेस," ती म्हणाली.

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. "पुन्हा म्हण ना—"

"एकदाच सांगतात."

"मग मीही एकदाच विचारतो. रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ? गुजरातला सोमवारी जाईन."

"ये," जागृती म्हणाली आणि रडता रडता हसू लागली.

बाहेर दीडशे माणसं खरकटे हात घेऊन उन्हात उभी होती. त्यांना आत बोलवायचं असतं, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.