पालथा दगड

खोटं वाटत असेल त्यांनी खुशाल हसावं. माझा सख्खा भाऊ गेलाय, मला गोष्टी रचायची हौस नाही.

हे इथेच, जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गमध्ये घडलं. शुक्रवारची संध्याकाळ होती. शब्बाथच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या नुकत्याच लावल्या होत्या.

माझा थोरला भाऊ लेव जुनी घरं दुरुस्त करायचा. त्या दिवशी एका घरातल्या जिन्याची पायरी त्याने उचलली, तर खालच्या अंगाला अक्षरं...

हिब्रू.

आमच्याच माणसाच्या कबरीचा दगड. पाचशे वर्षांपूर्वी आम्हाला या शहरातून हाकललं, दफनभूमी उखडली आणि दगड लोकांनी घरं बांधायला नेले. यावरचं नाव अजून वाचता येत होतं. गूटा.

अशा वेळी काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवायचं असतं. मी त्याच खात्यात उत्खननाचं काम करते. पण या शहाण्याने मला सांगितलं कधी? सगळं उरकून जेवायला बसल्यावर.

"पुन्हा पालथा घातला आणि चुना ओतला," तो म्हणाला. "काम थांबलं असतं तर रस्त्यावर आलो असतो मी."

"बाईचं नाव मातीत दाबलंस आणि वर जेवतोयस?"

"माफी मागितली ना आधी. खडापण ठेवला."

आम्ही कबरीवर खडा ठेवतो. मी तुला भेटून गेलो, एवढाच त्याचा अर्थ. लेवला वाटलं, मिटलं सगळं. माझं डोकंच फिरलं. सोमवारी खात्यात सांगणार, असं बजावून मी निघाले.

शनिवारी सकाळी त्याच्या उंबऱ्यावर एक खडा होता...

चुन्याने माखलेला.

त्याच्या बायकोने, इंगाने, तो रस्त्यावर भिरकावला. दुपारी तोच खडा टेबलावर... लेवच्या ताटाशेजारी.

दार आतून बंद होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज घोगरा झाला होता.

"मी तिला भेटून आलो ना," तो म्हणाला. "आता ती येतेय."

मी धावत गेले. आत्ताच्या आत्ता दगड काढू, म्हटलं. लगेच तयार झाला बिचारा. बूट घालायला आतल्या खोलीत गेला...

बराच वेळ काहीच आवाज नाही.

आम्ही आत गेलो तर लेव पालथा पडलेला, चेहरा फरशीला चिकटलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण त्याला उताणा केला तेव्हा तोंडात चुना होता.

ओला चुना.

गूटाचा दगड मी काढायला लावला. आज तो प्रार्थनागृहाच्या अंगणात ताठ उभा आहे. मला वाटलं, आता तरी तिचा राग निवला असेल.

वर्षाने, आमच्या रीतीप्रमाणे, लेवच्या कबरीवर दगड उभारला. दुसऱ्या दिवशी गेलो तर...

पालथा. त्याचं नाव मातीत.

पुन्हा उभारला, लोखंडी गज घालून. पुन्हा तेच. शेजारचा एकही दगड हललेला नाही. इंगा म्हणते, आता पुरे, मला बघवत नाही.

काल मी गूटासमोर जाऊन रडले. त्याचं नाव तरी राहू दे बाई, म्हटलं.

निघताना सवयीने खडा ठेवायला खाली वाकले...

आणि तसाच खिशात टाकला. मी भेटून गेले, हे तिला कळायला नको.