दीड मीटरवरून घेतलेलं माप

"शी! मेलं नशीबच फुटकं!"

भर दुपारी, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या भर रस्त्यात मी हे चांगलं मोठ्याने ओरडले. ओरडायला काय जातंय? २०२०चा मे महिना, कोरोनामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि असतं तरी मराठी कोणाला कळणार होतं? माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून उघडून जबडा वासून बसला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे खाणीत शिफ्ट. नवे बूट मागवलेले, पण ते परदेशातून येताना कुठल्याशा बंदरात अडकून पडलेले.

"नशिबाचं माहीत नाही, पण सोल गेलाय," शेजारच्या दुकानातून आवाज आला. चक्क मराठीत! "आत या. त्या पिवळ्या पट्टीपर्यंतच हं... पुढे नको."

मी गारच पडले.

चामड्याचा एप्रन, हातात आरी, तोंडावर मास्क... आणि वर नुसते डोळे. ते डोळे मला हसत होते!

"हसायला काय झालं?"

"पुण्याच्या ना?"

"कशावरून?"

"स्वतःचा बूट फाटला तरी दुसऱ्या कोणाची तरी चूक असल्यासारखं ओरडलात."

"आणि तुम्ही कोल्हापूरचे! ओळख ना पाळख, लगेच टोमणा!"

"बरोब्बर. मी सलिल. आणि तू म्हण, मी काय तुझा काका नाही."

त्याने फाटका सोल तात्पुरता शिवून दिला. तोवर मी पट्टीवर उभी राहून दुकान बघत होते. दुकान ऐंशी वर्षांच्या बेव्हचं, तिच्या आजोबांनी सुरू केलेलं. घोड्यावर बसून गुरं हाकणाऱ्यांसाठी उंच वेस्टर्न बूट आणि खाणीतल्या लोकांसाठी बोटांवर पोलादी टोपी असलेले वर्क बूट. चामडं कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं इथेच, हाताने. कोरोनामुळे बेव्ह मागच्या घरात बसून काचेच्या खिडकीतून लक्ष ठेवायची. आणि दुकानाच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला टांगलेले लाकडी पाय! प्रत्येक गिऱ्हाइकाचे साचे, वर पेन्सिलने नाव. नातवाशेजारी आजोबा.

"गाव सोडून जातात त्यांचे पाय?"

"हिवाळ्यात शेगडीत. बेव्हचा नियमच आहे. भिंतीवर जागा फक्त राहणाऱ्यांना."

"मग माझे करूच नकोस. मी चाललेय."

खरंच चालले होते. माझा भाऊ यतिन आणि वहिनी ब्रिस्बेनला, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतात. मी कंपनीकडे तिकडची बदली मागितली होती आणि ती मिळाली होती. हो की नाही, ते सव्वीस जूनला, शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत कळवायचं. चार वर्षं इथल्या खाणीत काढली. जमिनीखाली हवा कशी खेळवायची ते बघणं माझं काम, आणि ते मला मनापासून आवडायचं. पण घरी आल्यावर 'जेवलीस का?' असं विचारणारं कुत्रंही नव्हतं. त्यात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द बंद. एकदा बाहेर पडलं की परत येणं अवघड.

सलिलने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बूट तिथेही लागतीलच की. सव्वीसपर्यंत देतो. शब्द."

आता माप कसं घ्यायचं? आमच्या खाणीचा नियम कडक होता. बाहेरच्या कोणाच्या दीड मीटरच्या आत गेलं की चौदा दिवस शिफ्ट बंद. मग मीच कागदावर पाय ठेवला, वाकले आणि पेन्सिल फिरवली. आठ दिवसांनी अर्धवट बूट घालून बघितला तर... आई गं! करंगळी पार चेचली.

"माझी चूक," सलिल कपाळाला हात लावून म्हणाला. "वाकलं की वजन सरकतं, पायाचा आकारच बदलतो. ज्याचा पाय त्याने ताठ उभं राहायचं, रेघ दुसऱ्याने ओढायची. घरी आहे का कोणी?"

"कोणी नाही."

मी हे इतक्या पटकन बोलले की माझेच डोळे भरून आले. बुटाच्या मापापायी रडू? लाजच वाटली. त्याने पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. आत गेला आणि आला तो लांब झाडू घेऊन. दांड्याच्या टोकाला सुतळीने पेन्सिल बांधलेली!

"हे काय?"

"दीड मीटर. मोजून घे, इंजिनिअरबाई."

ताठ उभी राहिले. तो लांबून, भुवया आक्रसून, झाडूने माझ्या पायाभोवती रेघ ओढायला लागला. घोट्यापाशी पेन्सिल लागली आणि मला अशा गुदगुल्या झाल्या—

"हलू नकोस!"

"मी नाही, तूच हलतोयस!"

"करंगळी अशी वाकडी का आहे?"

"सहावीत लंगडी खेळताना मोडली."

"हं..." त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. "तिला थोडी जास्त जागा देऊ. बिचारी."

माझ्या वाकड्या करंगळीला बिचारी म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी घरी जाईपर्यंत एकटीच हसत होते.

मग तो बोलावतच राहिला. चवड्याची उंची बघू, टाचेचा उतार बघू, मोजे कुठले घालतेस ते बघू. मी पट्टीवर, तो पलीकडे, मधे दीड मीटर आणि आमच्या अखंड गप्पा. त्याचे आजोबा कोल्हापुरात चपला शिवायचे. "आमच्या घराण्याला लोकांनी फार ऐकवलंय गं," तो एकदा म्हणाला. "म्हणून बाबांनी मला चामड्याला हातच लावू दिला नाही. इंजिनिअर केलं, पर्थला शिकायला पाठवलं. आणि मी नोकरी सोडून इथे आलो."

"बाबा काय म्हणाले?"

"दोन महिने बोललेच नाहीत. मग एक दिवस फोन. म्हणाले, टाके हाताने घालतोस की मशीनने?" हे सांगताना त्याचा आवाज ओला झाला. "आता दर रविवारी मला चुका सांगतात."

दीड मीटरचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

एकदा जाताना बेव्हने खिडकीवर टकटक केलं. काच जराशी सरकवून म्हणाली, "पोरी, बुटाला दोन फिटिंग्ज लागतात. तुला त्याने किती वेळा बोलावलं?"

"सहा वेळा."

"हं. नो वरीज," ती म्हणाली आणि काच लावून घेतली. तिच्या गालावरचं हसू मात्र दिसलंच.

म्हणजे! चार वेळा उगीचच बोलावलं होतं! मग बोलत का नाही हा? 'थांब' म्हणायला याच्या तोंडाला काय टाके घातलेत? आणि मी तरी कुठे बोलत होते म्हणा. मी पडले पुण्याची!

सव्वीस जून उजाडला. त्याच आठवड्यात खाणीने अंतराचा नियम सैल केला होता. बाहेर थंडगार भुरभुर, रस्त्यावर लाल चिखल. दोन वाजता मी दुकानात पोचले. काउंटरवर माझे बूट तयार होते—तपकिरी, चकचकीत, बारीक पांढरे टाके.

"बस," तो म्हणाला. पिवळी पट्टी ओलांडून अलीकडे आला आणि चक्क माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. महिनाभरात पहिल्यांदा इतक्या जवळ.

"पाया पडतोयस की काय?"

"बूट शिवणाऱ्याला पडावंच लागतं."

त्याने बूट चढवला, अंगठ्याने हळूच करंगळीची जागा दाबून बघितली. "लागतंय?"

"नाही..."

माझा दुसरा पाय त्याच्या हाताला लागला. सवयीने मी पटकन त्याच्या खांद्याला हात लावून तो कपाळाला लावला. तो वर बघत राहिला. हसला नाही.

मग उठून त्याने एक कापडी पिशवी पुढे केली. आत माझे लाकडी पाय! उजव्याच्या करंगळीशी चामड्याचा छोटासा तुकडा चिकटवलेला. वर देवनागरीत नाव, चिन्मयी.

"घेऊन जा. ब्रिस्बेनला कोणीही यावर बूट करून देईल."

"साचे दुकानाबाहेर जात नाहीत ना? जाणाऱ्यांचे शेगडीत..."

"काल शेगडीपाशी घेऊन गेलो होतो." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हात होईना. बेव्हला म्हटलं, एवढे एक देऊन टाकतो. बूट तर दहा तारखेलाच झाले होते, चिन्मयी. मीच... अजून एकदा येशील म्हणून. पण शब्द दिला होता, तुझी माणसं आहेत तिथे. तुला थांब कुठल्या तोंडाने म्हणू? मी बेव्हला सोडून येऊ शकत नाही."

"मग एकदा म्हणून तर बघ!"

त्याने मान वर केली. मग अगदी हळू, "थांब ना... मला आवडतेस तू. फार."

घड्याळात अडीच. मी फोन काढला आणि कंपनीला दोन ओळी लिहिल्या. बदलीबद्दल आभारी आहे, पण मी कालगुर्लीतच राहतेय. पाठवल्यावर पिशवी त्याच्या हातात दिली.

"मलाही तू आवडतोस, बावळट. हे लाव खिळ्यावर. आणि यतिनदादाला मी सांगते, तू घाबरू नकोस."

त्याने हातोडी घेतली आणि भिंतीत नवा खिळा ठोकला. एक घाव अंगठ्यावरच बसला! माझे दोन्ही पाय टांगले, दोनदा सरळ केले. मागच्या खिडकीत बेव्ह टाळ्या वाजवत होती.

मग तो माझ्याकडे वळला. ठेचलेला अंगठा चोळत उभा राहिला, आणि म्हणाला—

"जेवलीस का?"